१५२ पौंडांची वसुली

७ सप्टेंबर २०२४, शनिवार : स्विंडन

यंदाची गणेश चतुर्थी इंग्लंडातल्या स्विंडनला, मुलीकडे झाली. मुलीने दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटाची वरची फळी रिकामी करून तिच्यावर वीतभर उंचीचा शाडूचा गणपती बसवला होता. मोदकांसाठी नारळ गोवेकराच्या दुकानातून आणला. या गावात पोर्तुगीज पासपोर्टावर आलेली गोव्याची मंडळी इतकी आहेत की बसथांब्यावर कोंकणी कानावर पडते आणि कोकम मागताना खाणाखुणा कराव्या लागत नाहीत.

जेवणे झाल्यावर आठवड्याचा बेत ठरू लागला आणि माझी वही बाहेर आली. सहकारी बँकेच्या हिशेब तपासणी विभागात आयुष्य गेल्यामुळे प्रवासाचा जमाखर्च लिहिल्याशिवाय मला प्रवास झाल्यासारखा वाटत नाही. मुलीच्या कुटुंबाकडे जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेचे सभासदत्व आहे, पण त्यात आम्ही दोघे बसत नाही, कारण कार्ड ज्याच्या नावाचे त्यालाच प्रवेश मिळतो. तेव्हा प्रश्न असा होता की आम्ही प्रत्येक ठिकाणी तिकीट काढावे की दोघांनी मिळून वर्षाचे सभासद व्हावे? एका व्यक्तीचे वार्षिक सभासदत्व २०२४ मध्ये ९१.२० पौंड होते, एका घरातल्या दोघांचे मिळून १५२.४० पौंड. पौंडाचा भाव ११० रुपये धरला तर दोघांचे पावणेसतरा हजार होतात. अजिंठ्याचे तिकीट भारतीयांना ४० रुपये पडते, म्हणजे एवढ्या पैशांत एका माणसाचा अजिंठा चारशे एकोणीस वेळा पाहून होईल, असे मी सांगितले. त्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, चारशे एकोणीस वेळा जाणार असाल तर तिथलं काढा.”

ही संस्था सरकारी नाही, हे मला त्या रात्रीपर्यंत नीट ठाऊक नव्हते. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली या तिघांनी १८९५ साली ती स्थापन केली, आणि पुढच्याच वर्षी आल्फ्रिस्टन गावातले एक मोडकळीस आलेले धर्मोपदेशकाचे घर दहा पौंडांना विकत घेऊन वास्तुखरेदीला सुरुवात केली. आज इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून तिचे पन्नास लाखांहून अधिक सभासद आहेत. १९०७ च्या कायद्याने तिला आपली मालमत्ता ‘अविक्रेय’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. एकदा तसे जाहीर झाले की ती जमीन किंवा वास्तू संस्थेलाही विकता येत नाही. तिचे मुख्य कार्यालय याच स्विंडनमध्ये, जुन्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्याच्या आवारात आहे. मुलगी रोज कामाला जाताना त्यावरून जाते. ‘इंग्लिश हेरिटेज’ ही निराळी संस्था आहे. तिच्याकडे चारशेहून अधिक स्थळे आहेत, २०१५ पासून तीही धर्मादाय संस्था म्हणून चालते आणि तिचे सभासदत्व वेगळे घ्यावे लागते. दोन संस्था, दोन कार्डे आणि प्रत्येकाच्या गाडीच्या काचेवर दोन्हींपैकी एकाचा तरी बिल्ला, असा हा देश आहे.

हिशेब झोपेपर्यंत पुरा झाला नाही.

८ सप्टेंबर, रविवार : एव्हबरी

दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन दुपारी मागच्या अंगणात बादलीत केले आणि तिथूनच एव्हबरीला निघालो. अंतर जेमतेम अठरा किलोमीटर. नात बरोबर होती, कारण तिची शाळा सोमवारपासून.

एव्हबरीचे शिलावर्तुळ ब्रिटनमधले सर्वांत मोठे आहे. त्याचा व्यास तीनशे मीटरहून अधिक असल्यामुळे ते एका नजरेत मावत नाही. त्याच्या आत चक्क गाव वसले आहे, गावातून मोटाररस्ता गेला आहे आणि वर्तुळाच्या आतच एक मद्यालय आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या दगडांना कुंपण नाही, फाटक नाही, तिकीट नाही. मेंढ्या त्यांना अंग घासतात आणि माणसे पाठ टेकून बसतात. दगड घडवलेले नाहीत, जमिनीतून निघाले तसे उभे केले आहेत. सौ. एका दगडाला हात लावून बराच वेळ उभी राहिली. आपल्याकडे गावाबाहेरच्या देवळापाशी वीरगळ टेकवून ठेवलेले असतात, त्यांच्यापाशी माणूस असाच सहज उभा राहतो.

मध्ययुगात गावकऱ्यांनी यांतले बरेच दगड खड्डे खणून पुरले, आणि अठराव्या शतकात आग लावून, वर पाणी ओतून पुष्कळ फोडले व घरांना वापरले. मुरंब्याच्या धंद्यावर श्रीमंत झालेल्या घराण्यातला अलेक्झांडर केलर याने १९३० च्या दशकात पुरलेले दगड शोधून पुन्हा उभे केले. १९३८ मध्ये एका दगडाखाली त्याला माणसाचा सांगाडा सापडला. त्याच्याजवळ लोखंडी कात्री, शस्त्रक्रियेचे टोकदार हत्यार आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची नाणी होती. गावोगाव फिरून केस कापणारा आणि जखमा फोडणारा हा न्हावी-वैद्य दगड पुरताना त्याखाली सापडून मेला असावा, असा तेव्हा तर्क झाला. नातीने तो दगड शोधून काढला आणि पुढचा अर्धा तास तिला दुसरे काही पाहायचे नव्हते. केलरने पुढे १९४३ मध्ये ही सारी जमीन नॅशनल ट्रस्टला १२,००० पौंडांना, म्हणजे निव्वळ शेतजमिनीच्या भावाने दिली.

मोटारतळावर एका छोट्या तंबूत पिकल्या केसांच्या बाई सभासद नोंदवत बसल्या होत्या. स्थळ फुकट असले तरी मोटारतळ फुकट नसतो, तो सभासदांनाच फुकट असतो, आणि सभासद होण्याचा मोह नेमका तिथेच पडावा अशी ही व्यवस्था आहे. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो, आम्ही इथे प्राप्तिकर भरतो का, हा. भरत असलो तर आमच्या वर्गणीतल्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून संस्थेला आणखी पंचवीस पेन्स परत मिळतात. ही सोय ‘गिफ्ट एड’ म्हणून ओळखली जाते. आम्ही कर भरतो तो पुण्यात, तेव्हा आमच्या वर्गणीला हे शेपूट नाही. साठी उलटलेल्यांना सवलत आहे का, असे मी विचारले. आहे, पण त्यासाठी आधी काही वर्षे सभासद असावे लागते. निष्ठेला सवलत आहे, वयाला नाही. हिशेबनीस म्हणून मला हा नियम पटला आणि ज्येष्ठ नागरिक म्हणून मुळीच पटला नाही.

१५२.४० पौंड भरले. तात्पुरती कार्डे मिळाली.

१० सप्टेंबर, मंगळवार : स्टोनहेंज

स्टोनहेंजचे दगड सांभाळते इंग्लिश हेरिटेज, पण भोवतालची जवळजवळ दोन हजार एकर जमीन आहे नॅशनल ट्रस्टची. या शेजारसंबंधामुळे ट्रस्टच्या इंग्लंडमधल्या सभासदांना दगडही फुकट पाहता येतात. मात्र वेळ आधी नोंदवावी लागते. इतरांना तेव्हा ऋतू आणि वार पाहून पंचवीस पौंडांच्या आसपास मोजावे लागत. वहीत पहिली मोठी रक्कम जमा झाली.

गाडी दगडांपासून अडीच किलोमीटर अलीकडे थांबते. डिसेंबर २०१३ मध्ये नवे अभ्यागत केंद्र उघडले, दगडांच्या अगदी कडेने जाणारा जुना रस्ता बंद करून गवताखाली घेतला, आणि आता केंद्रापासून बसने किंवा चालत जावे लागते. अजिंठ्याला फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी गाड्या सोडून चार किलोमीटर बसने जाण्याची जी पद्धत आहे, तीच ही; फरक इतकाच की तिठ्यावरून बसपर्यंत पोहोचताना अजिंठ्याला गारगोट्या, शाली आणि माळा विकणाऱ्यांच्या रांगेतून वाट काढावी लागते, तर इथे दुकान परतीच्या वाटेवर एकच आहे आणि त्यातले गिऱ्हाईक स्वतःहून लुटले जाते.

दगडांभोवती गुडघ्याइतक्या उंचीवर दोरी लावलेली आहे. आदल्या परवा आम्ही दगडांना पाठ टेकून बसलो होतो, त्यामुळे ही दोरी अधिकच खुपली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इथेही माणसे दगडांत फिरत असत. आता आत जायचे तर पहाटे किंवा संध्याकाळी वेगळे पैसे भरून थोड्या लोकांच्या तुकडीत जावे लागते. तरी दोरीबाहेरूनही एक गोष्ट नीट दिसली. सर्वांत उंच उभ्या शिळेच्या डोक्यावर मुठीसारखा एक गोल उंचवटा आहे. वरची आडवी शिळा कधीच पडून गेली आहे. तिच्या पोटातल्या खळग्यात हा उंचवटा बसत असे, सुतार चौकटीचे लाकूड लाकडात बसवतो तसा. वीसपंचवीस टनांच्या दगडाला सुतारकाम लावणारा तो माणूस आदल्या जन्मी नक्की लाकडात काम करत असणार. शिळांच्या फटींतून छोटे करडे कावळे घरट्यांत ये-जा करत होते. त्यांना दोरी लागू नव्हती.

मधल्या आडव्या ‘वेदीशिले’चे कूळ स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला आहे, असे संशोधन आमच्या भेटीच्या जेमतेम महिनाभर आधी प्रसिद्ध झाले होते आणि तिथला प्रत्येक मार्गदर्शक ते घरातली बातमी सांगावी तसे सांगत होता. लहान निळसर दगड वेल्समधून, सुमारे २४० किलोमीटरवरून आणले हे पूर्वीपासून माहीत होते. ही शिळा त्यांच्या तिप्पट लांबून आली.

पण माझे लक्ष सेसिल चब नावाच्या गृहस्थाच्या कथेवर खिळले. १९१५ च्या सप्टेंबरात सॉल्झबरीत एका मोठ्या जहागिरीचा लिलाव झाला, त्यात स्टोनहेंज हा एक लॉट होता. या चबने तो ६,६०० पौंडांना घेतला आणि १९१८ मध्ये राष्ट्राला देऊन टाकला. देताना त्याने घातलेल्या अटींत एक अशी होती की दर्शनासाठी एका शिलिंगहून अधिक शुल्क घेऊ नये. जुन्या चलनात वीस शिलिंगांचा एक पौंड होता, म्हणजे आजचे तिकीट पाचशे शिलिंगांच्या घरात जाते. शंभर वर्षांची महागाई धरली तरी शिलिंगाचे इतके होत नाहीत. आसपासच्या रहिवाशांना मात्र प्रवेश आजही विनामूल्य आहे.

परतीच्या बसमध्ये सौ.ने एक प्रश्न टाकला. अजिंठ्याला आपल्याला चाळीस आणि परदेशी माणसाला सहाशे रुपये, म्हणजे पंधरापट. “अहो, इथे आपल्याला परदेशी म्हणून पंधरापट लावले असते तर?” पंचवीस गुणिले पंधरा म्हणजे तीनशे पंचाहत्तर पौंड. मी गप्प बसलो. इथे स्कॉटलंडचा, जपानचा आणि पुण्याचा माणूस एकाच भावाने आत जातो. तरीही आपली पद्धत मी सरसकट वाईट म्हणणार नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या साडेतीन हजारांहून अधिक संरक्षित स्मारकांपैकी दीडशेच्या आसपास ठिकाणीच तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तर तिथेही नाही, आणि जामनेरच्या एखाद्या शाळेची सहल घरातली भाकरी बांधून अजिंठ्याला येऊ शकते ती त्यामुळेच. स्टोनहेंजला चौघांचे कुटुंब कार्डाशिवाय आले तर त्यांचा अर्ध्या आठवड्याचा किराणा जातो. सभासदत्व हा त्यावरचा उतारा खरा, पण वर्षाला दीडशे पौंड काढून देऊ शकणाऱ्यालाच तो परवडतो. ज्याला परवडत नाही त्याला तिकीट अधिकच महाग पडते.

११ सप्टेंबर, बुधवार : लेकॉक

लेकॉक हे सबंध गाव ट्रस्टच्या मालकीचे आहे. मटिल्डा टॅलबट या बाईंनी १९४४ साली आपला मठवजा वाडा आणि त्याबरोबर गावच दान केले. गावात फिरायला पैसे पडत नाहीत, वाड्यात जायला पडतात. घरांत भाडेकरू राहतात आणि पर्यटक त्यांच्या खिडक्यांतून आत डोकावतात. एका घराच्या उंबऱ्यावर जॅमच्या बाटल्या आणि पैसे टाकायला डबी ठेवलेली होती, विकणारे कोणी नाही. पुण्यातल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भाडेकरूंची आठवण झाली. पण तिथे मालकाला वाडा पाडायचा असतो आणि इथे मालकाने न पाडण्याची शपथ घेतली आहे.

वाड्याच्या दक्षिण सज्जात एक पुढे आलेली, बारीक जाळीच्या तावदानांची खिडकी आहे. १८३५ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने या खिडकीचे छायाचित्र एका लहानशा लाकडी पेटीने घेतले. ते टपाल तिकिटाच्या आकाराचे आहे, आणि आज जगात शिल्लक असलेले सर्वांत जुने छायाचित्रीय निगेटिव्ह तेच. मूळ कागद इथे नाही. खिडकीजवळ त्याची नक्कल लावली आहे. टॅलबटने टिपून ठेवले आहे की चित्र नवे असताना भिंगातून पाहिले तर त्यातली दोनशेच्या आसपास तावदाने मोजता येत. सौ. खिडकीसमोर उभी राहून तावदाने मोजू लागली. एकशे चाळीसच्या पुढे कुठेतरी मागून एक जथा आला, प्रत्येकाने फोन वर केला, आणि तिची मोजणी चुकली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खुर्चीवर बसलेल्या स्वयंसेवक आजोबांनी तिला सांगितले की अर्धे लोक खिडकीचा फोटो काढतात आणि खिडकीकडे पाहत नाहीत, मोजणाऱ्या बाई मात्र त्यांनी बऱ्याच दिवसांनी पाहिल्या. या संस्थेची खोल्याखोल्यांतली सगळी राखण असे निवृत्त स्त्रीपुरुष बिनपगारी करतात. त्यांना विचारले नाही तर ते बोलत नाहीत, आणि विचारले तर थांबत नाहीत.

मी मात्र त्या दिवशी वाईट वागलो. तिकीट भरले असते तर किती पडले असते याचा विचार डोक्यात असल्यामुळे मी मठातली प्रत्येक खोली, तबेला, मद्यनिर्मितीचे घर, संग्रहालय असे सगळे पालथे घातले आणि सौ.लाही ओढत नेले. पैसा वसूल करायचा म्हणजे पाय दुखले पाहिजेत, अशी माझी समजूत असावी.

परतताना एका फाटकावर पत्रक दिसले. ६ ते १५ सप्टेंबर या दहा दिवसांत देशभर ‘हेरिटेज ओपन डेज’ चालू होते आणि एरवी तिकीट लागणारी किंवा बंद असणारी कितीतरी ठिकाणे त्या काळात विनामूल्य उघडी होती. आम्ही नेमके त्याच आठवड्यात वर्षभराची वर्गणी भरली होती. मुलगी हसत होती. मी पत्रक घडी करून वहीत ठेवले आणि त्यावर एक शब्दही लिहिला नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार : पाऊस

बाथला गेलो. रोमन स्नानगृहे नगरपालिकेची आहेत, तिथे हे कार्ड चालत नाही आणि तिकीट वीस पौंडांच्या वर आहे. पाऊस होता, आत शिरलो नाही. गावातल्या पिवळट दगडाच्या घरांच्या अर्धवर्तुळाकार रांगा छत्रीखालून पाहिल्या आणि परत आलो.

संध्याकाळी मुलीच्या घरी आलेली सभासदांची कागदपत्रे चाळताना मला खरा शोध लागला. या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा असते! सभासदांना मत असते, त्यांनी मांडलेले ठराव मतास टाकले जातात आणि परिषदेवरचे काही प्रतिनिधी ते निवडतात. आमच्या बँकेच्या वार्षिक सभेत सभासदांना लाभांश मिळे, जाताना स्टीलचा डबा मिळे आणि अहवाल वाचन चालू असताना मागच्या रांगांत बटाटेवड्याची वाट पाहिली जाई. पण ती बँक आपली आहे ही जाणीव त्या डब्याबरोबर का होईना घरी जात असे. तिकीट काढणाऱ्याला हा हक्क कुठला? आतापर्यंत मी कार्डाकडे सवलतीच्या तिकिटांचे पुस्तक म्हणून पाहत होतो. आपल्याकडे १९८४ पासून वारसा जपणारी ‘इन्टॅक’ ही संस्था आहे, तिचे सभासद होता येते आणि तिचे काम मोठे आहे; पण अजिंठ्याचे किंवा कार्ल्याचे फाटक सरकारच्या ताब्यात असल्यामुळे त्या फाटकाशी सभासद या नात्याने कोणी उभा राहू शकत नाही. तिथे आपण पंचवीस-चाळीस रुपये देतो आणि तेवढ्यावर नाते संपते.

१३ सप्टेंबर, शुक्रवार : स्टोअरहेड

स्टोअरहेडचा मालक सावकार होता. होर घराण्याची लंडनमधली पेढी १६७२ पासून आजतागायत त्याच कुटुंबाकडे आहे, आणि त्या पेढीच्या नफ्यावर दुसऱ्या हेन्री होरने १७४० च्या दशकापासून ही बाग रचली. ओढा अडवून तळे केले, तळ्याकाठी ग्रीक-रोमन धर्तीची देवळे बांधली, आणि वाट अशी वळवली की प्रत्येक वळणावर पुढचे देऊळ झाडांच्या फटीतून अर्धेच दिसावे. १९४६ मध्ये याच घराण्यातल्या सर हेन्री होरने घर आणि बाग ट्रस्टला दिली. त्याचा एकुलता मुलगा पहिल्या महायुद्धात गेला होता. अशा कितीतरी हवेल्या मृत्युकरामुळे आणि वारस न उरल्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यात ट्रस्टकडे आल्या, म्हणजे आम्ही जी वर्गणी भरतो ती बव्हंशी धनिकांना न परवडलेली छपरे शाकारण्यासाठी असते.

घरातल्या ग्रंथालयात टॉमस चिपनडेल धाकटा याने याच घरासाठी घडवलेले लाकूडसामान आहे. खिडक्यांचे पडदे निम्मे ओढलेले, उजेड मंद. एका खुर्चीच्या बैठकीवर पाइनचे वाळलेले बोंड ठेवले होते. मला वाटले, कोणा मुलाने टाकले. मग दुसऱ्या खुर्चीवर दिसले, तिसऱ्यावर एक काटेरी वाळके फूल. ‘बसू नये’ अशी पाटी लावण्याऐवजी ट्रस्टच्या घरांत ही खूण ठेवतात. पाटी वाचूनही माणूस बसतो, बोंडावर कोणी बसत नाही. आपल्या संग्रहालयांतल्या ‘हात लावू नये, दंड होईल’ या लाल अक्षरांपेक्षा हे बोंड मला फार आवडले.

बागेत आल्यावर सौ. तळ्याकाठच्या बाकावर बसली आणि म्हणाली, मी आता कुठेही येणार नाही. समोर पाण्यात घुमटाचे देऊळ उलटे दिसत होते. डोंगरावर अपोलोचे देऊळ राहिले होते, पलीकडचा बुरूज राहिला होता. वही पिशवीत होती. मीही बसलो. तिकीट काढून आलो असतो तर मी उठलो असतो, यात मला शंका नाही. कार्ड वर्षभराचे होते, म्हणून न पाहता राहिलेल्या गोष्टीचे पैसे कुठे बुडाले नव्हते. आम्ही तिथे पावणेदोन तास बसलो. बदकांची एक जोडी तीन वेळा किनाऱ्याला आली आणि काही मिळत नाही असे पाहून तीन वेळा परत गेली.

१४ सप्टेंबर, शनिवार : पोविस

सकाळी सगळे मिळून वेल्सला निघालो. पोविसचा किल्ला स्विंडनहून तीन तासांवर, वेल्शपूल गावालगत आहे. तांबड्या दगडाचा, वेल्श राजांनी तेराव्या शतकात उभारलेला. खाली इटालियन पद्धतीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आणि त्यांवर लोंबणारे, ढगांसारखे कातरलेले प्रचंड यू वृक्ष. फाटकावरच्या मुलीने कार्डे तपासली तेव्हा मी मनात बेरीज केली. स्टोनहेंजचे पन्नासच्या आसपास, लेकॉक, स्टोअरहेड आणि पोविसचे मिळून शंभरांहून थोडे अधिक, वर मोटारतळांचे. १५२ पौंड त्या फाटकात वसूल झाले. मी ते सर्वांना जाहीर केले आणि जावयाने माझे अभिनंदन केले.

किल्ल्यात ‘क्लाइव्ह संग्रह’ आहे. प्लासीच्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याने पोविसच्या हर्बर्ट घराण्यातल्या हेन्रिएटाशी १७८४ मध्ये लग्न केले, आणि पुढे १७९८ पासून तो मद्रासचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत, ४ मे १७९९ रोजी, श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. बापाने आणि मुलाने आणलेल्या हिंदुस्थानातल्या वस्तू काचांमागे मंद उजेडात मांडल्या आहेत. टिपूच्या सिंहासनाचे तुकडे करून फौजेत वाटप झाले; त्या सिंहासनावरचे वाघाचे एक मुंडके इथे आहे. ते आंब्याएवढेही नाही. सोन्याचे, डोळ्यांत आणि कपाळावर माणके, पाचू, हिरे, आणि दात विचकलेले. जवळच त्याच्या तंबूचे छापील चीट आहे, फुलदाणीतून वर चढणाऱ्या वेलबुट्टीचे. सौ.ने काचेला नाक टेकवून पाहिले आणि लाल रंग अजून किती पक्का आहे, एवढेच म्हणाली. एक पालखीही आहे.

मी इथे रागवायचे ठरवून आलो होतो, आणि काही वेळ रागावलोही. पण राग मराठी माणसाने करावा इतका सरळ हा मामला नाही. १७९२ मध्ये याच टिपूला याच श्रीरंगपट्टणापुढे कॉर्नवॉलिस, निजाम आणि पेशवे यांनी मिळून गाठले होते. आपल्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते. अर्धे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये असा तो तह झाला, टिपूची दोन मुले इंग्रजांकडे ओलीस गेली आणि वसुलीचा तिसरा हिस्सा पुण्याचा होता. त्याच्या आदल्या वर्षी शृंगेरीचा मठ लुटला तो पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी, आणि मठाला मदत पाठवली ती टिपूने. सात वर्षांनी टिपू एकटा पडला तेव्हा इंग्रजांच्या तळावर निजामाची फौज होती. आणखी अठरा वर्षांनी शनिवारवाड्याचीही पाळी आली. काचेमागचे ते मुंडके विचकत होते ते फक्त इंग्रजांकडे पाहून नव्हे.

ट्रस्टने २०२० मध्ये एक अहवाल काढून आपल्या ९३ स्थळांचे गुलामगिरीशी आणि वसाहतींशी असलेले संबंध मांडले, तेव्हा सभासदांत मोठे वादळ झाले होते. काही रागावले ते हे का काढता म्हणून, काही इतक्या उशिरा का काढता म्हणून. खोलीतल्या स्वयंसेविका बाईंना मी कुठला ते विचारावेसे वाटत होते, हे दिसत होते. मी ‘पुणे’ म्हणालो. त्यांनी पुण्याचे नाव ऐकले होते. मग त्यांनी अगदी हळू आवाजात, मी विचारलेले नसताना, हेन्रिएटाची गोष्ट सांगितली: १८०० साली ती दोन मुलींना घेऊन मद्रासहून निघाली आणि सात महिने दक्षिणेत, श्रीरंगपट्टणापर्यंत, हिंडून आली. नातीने विचारले, मुली केवढ्या होत्या? धाकटी साधारण तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी, असे उत्तर मिळाले.

रात्री वेल्शपूलच्या खाणावळीत मुलगी फोनवर यंदाच्या सर्वसाधारण सभेचे ठराव वाचून दाखवत होती. त्यांत एक ठराव असा होता की ट्रस्टच्या उपाहारगृहांतले निम्मे पदार्थ वनस्पतिजन्य असावेत. गेले आठ दिवस जिथेतिथे चीजच्या सँडविचवर दिवस काढलेल्या सौ.ने तात्काळ हात वर केला आणि तिच्या सांगण्यावरून मुलीने अनुकूल मत देण्याचे कबूल केले. (पुढे नोव्हेंबरात तो ठराव संमत झाला.) नात उशीला टेकून ऐकत होती. तिने विचारले, “त्या तंबूचं मत कधी आहे?”

मुलीने यादी वर सरकवली, खाली सरकवली, पुन्हा वर नेली. तसा ठराव त्या यादीत नव्हता.